राजा जातो, दफ्तर राहतं

मी आईला वहिनी म्हणत असे आणि वडिलांना दादा. देवासच्या जुन्या मराठी घरांत तशीच रीत होती. घरातले धाकटे दीर-नणंदा जे म्हणत तेच पोरांच्या तोंडी बसे, आणि पुढे ते सगळे लग्नं-नोकऱ्यांपायी इंदूर-उज्जैनला पांगले तरी नावं तीच राहत. दिल्लीच्या वसतिगृहात पुण्याच्या मुली मला हसायच्या, "स्वतःच्या आईला वहिनी?" मी म्हणायची, आमचं गावच मुळी दोन राजांचं, तिथे एवढं चालतं. त्यांना ती थट्टा वाटे. पण ते अगदी खरं होतं. संस्थानांच्या काळात देवास हे एकच गाव, एकच टेकडी, आणि राज्यं मात्र दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. राजवाडे दोन, कचेऱ्या दोन, खजिने दोन, टेकडीवर देवीसुद्धा दोन, एक मोठी माता नि एक छोटी. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते आणि त्यांची सासुरवाडी धाकट्या पातीत. म्हणजे रस्ता ओलांडला की परमुलूख. सासरी जेवायला जाताना रजेच्या अर्जात 'राज्याबाहेर' असं लिहावं लागे, असं ते सांगत. खरं-खोटं देव जाणे. पण मला आज लोक विचारतात, तुम्ही तौलनिक राजकारण या विषयाकडे कशा वळलात, तेव्हा मी सांगते की आमच्या घरी ते वरण-भाताबरोबर वाढलं जात होतं.

मग दोन्ही राज्यं विलीन झाली. त्या दिवशी दफ्तरात कुणी अन्नाला शिवलं नाही, असं आबा सांगत. आता आपलं काय होणार म्हणून चांगले मिशीवाले लोक रडले. पण थोड्याच दिवसांत नवा साहेब आला आणि त्याने कागदपत्रांचे तेच बस्ते, तीच मोहोर आणि तेच कारकून मागितले. आबांना महसूल खात्यात सामील करून घेतलं, मागची सगळी सेवा सलग धरली, आणि पुढे त्यांना पेन्शनही त्या सगळ्या वर्षांची मिळाली. यातून त्यांनी जन्मभराचा एकच सिद्धांत काढला होता: राजा जातो, दफ्तर राहतं. दिल्लीतलं सरकार पडलं की आबा हे म्हणत. कोपऱ्यावरचा कचोरीवाला वारला आणि त्याच्या मुलाने दुकान चालू ठेवलं तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं. आम्ही हसायचो, पण मनातून आम्हाला ते पटलेलं होतं. आम्ही जिवंत आणि जेवत होतो, याहून मोठा पुरावा काय हवा?

दादा सूतगिरणीत रिंग खात्याचे मास्तर होते. रिंग खातं म्हणजे जिथे चात्यांवर सूत कातलं जातं ते. त्या घरघराटात दिवसभर ओरडून ओरडून त्यांचा आवाज मोठा झाला होता. घरी मीठ मागितलं तरी शेजारी कळे. हा आवाज फक्त आबांसमोर बंद पडायचा. दरबार कधीच बुडाला होता, पण त्याची रीत आमच्या घरात नांदत होती. वडील बसले असले की मुलगा उभा, आणि वडिलांनी एकदा राय दिली की त्यावर कुणी बोलायचं नाही. दादांना पन्नाशी जवळ आली होती, हाताखाली शेकडो माणसं होती, तरी आबांच्या खाटेवर ते कधी टेकले नाहीत. यात कुणाला काही वाईट वाटत होतं असं नाही. दादांनाही नसावं. मला आता वाईट वाटतं, तेव्हा वाटत नव्हतं.

गिरणीतले सांचे, म्हणजे सूत कातायची यंत्रं, पूर्व जर्मनीतून आली होती आणि त्यांच्याबरोबर ती बसवायला, चालती ठेवायला एक माणूस आला होता. त्याचं नाव वेर्नर. आबांनी पहिल्याच भेटीत त्याचा वर्णेकर केला आणि तो शेवटपर्यंत वर्णेकरच राहिला. उंच, लाजाळू, कानांपर्यंत लाल होणारा गडी. इंग्रजी त्याचं माझ्याइतकंच कच्चं, आणि हिंदी सगळं रिंग खात्यात शिकलेलं, त्यामुळे त्याला 'चालू', 'बंद', 'टूट गया', 'खतम' असलेच शब्द येत आणि तेवढ्यावर तो संसारातलं सगळं बोले. रविवारी तो आमच्याकडे जेवायचा. वहिनी कणकेच्या गोळ्यांचे बाफले करायची. आधी उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. ते फोडताना होणारा कुरकुर आवाज वेर्नरला फार आवडे, तो कान पुढे करून ऐके. थंडीत गराडूचे कंद तळले की वर जिरावन भुरभुरायची, आणि ती मसाल्याची पूड नाकात जाऊन तो इतका शिंके की आबा म्हणत, "सूनबाई, वर्णेकरांना पाणी दे, नाहीतर त्यांच्या सरकारचा आपल्यावर खलिता यायचा." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. इंग्रजीची भीती जावी म्हणून मला दुभाषी केलं होतं. आबा मराठीत बोलणार, मी मोडक्या इंग्रजीत सांगणार, वेर्नर त्याहून मोडक्या इंग्रजीत उत्तर देणार. तासन्‌तास चालायचं. दोन पातींची गोष्ट त्याने किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. एकदा म्हणाला, "आमच्या बर्लिनमध्येही असंच, फक्त मध्ये भिंत." आबांनी विचारलं, "आणि देवी कुठल्या पातीत?" याचं इंग्रजी मला जमलं नाही.

ती भिंत पडल्याची बातमी आम्ही आबांच्या रेडिओवर ऐकली. मग महिनोन्‌महिने बातम्या येत राहिल्या आणि वेर्नरचं जेवण कमी होत गेलं. एका रविवारी तो आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबाजी, मेरा देश खतम." बॉबिन संपली की कामगार म्हणत तोच शब्द. आबा उठले. त्यांना उठताना त्रास होई, पण उठले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आत वळून म्हणाले, "सूनबाई, आज गोडाचं राहू दे." वहिनीने बाफल्यांबरोबरचे लाडू तसेच झाकून ठेवले. राज्य गेलेल्या माणसाच्या पानात गोड वाढायचं नाही, हे आबांना कुणी शिकवलं असेल? पण वेर्नरला न सांगता समजलं. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मग प्रश्न आला तो राहायचं की जायचं. गिरणीच्या सेठजींनी त्याला सांगितलं, इथेच राहा, बायको-मुलीला बोलावून घे, गिरणीच्या वसाहतीत घर देतो. तिकडून, हे सांचे बनवणाऱ्या त्याच्या कारखान्याचा निरोप, की परत ये, तुझी जागा आहे. बायकोला त्याने परत यावं असं वाटे, पण ती म्हणे की उद्याचं इथे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या घराचा जीवही यातच अडकला होता. सांच्यांचे सुटे भाग येणं बंद झालं होतं. वेर्नर इंदूरच्या लेथवाल्यांकडून एकेक भाग घडवून घ्यायला शिकवत होता, आणि ते काम अर्धंही झालं नव्हतं. तो राहिला तर खातं चालणार होतं. तो गेला तर सांचे एकेक करून बंद पडणार आणि त्यांच्यामागून दादांची नोकरी. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

धारला माझ्या मोठ्या मामांची साठीशांत होती. दादांनी वेर्नरलाही बरोबर घेतलं. इंदूरला बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा होम चालू होता आणि धुराने सगळ्यांचे डोळे लाल झाले होते, त्यात वेर्नरचा लालपणा खपून गेला. पंगतीत पाटावर त्याचे गुडघे कानांशी आले. मामा आग्रहाने जिलबी वाढताना म्हणाले, "घ्या न भिया, आमच्या धारची आहे, देवासच्या लोकांना काय कळतं हिच्यातलं!" आता गोड खायला हरकत नाही ना, असं वेर्नरने आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. हे आठवलं की आजही मला हसू येतं आणि मागोमाग भरून येतं.

जेवणं झाल्यावर ओसरीत सुपारी फिरली. वेर्नर आबांच्या समोर खाली बसला आणि मला म्हणाला, मी जे बोलतो ते नीट सांग. तो म्हणाला, "माझ्या ओळखीत हे एकटेच गृहस्थ आहेत ज्यांचं राज्य बुडालं, आणि तरी ते हसतात. यांना विचार, मी काय करू?"

मी सांगितलं. दादा खांबाला टेकून उभे होते. आबांनी सुपारी चघळून संपवली आणि विचारलं, "कारखाना कुणाचा, सेठचा की सरकारचा?"

"सरकारचा."

"म्हणजे हे सरकारी नोकर. मग भ्यायचं कारण नाही. त्यांना सांग, परत जा. नव्या राजाला जुनं दफ्तर लागतंच. चार दिवस गोंधळ होईल, मग बोलावतील, सामील करून घेतील आणि सेवा सलग धरतील. इथे परक्या मुलखात राहिलात तर मात्र मागची सगळी वर्षं बुडाली." मग ते म्हणाले, "तुम्ही राहिलात तर माझ्या मुलाचा फायदा आहे. म्हणूनच सांगतो, राहू नका."

हे शेवटचं वाक्य मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा वेर्नरने आबांच्या पायांना हात लावला. त्याला आम्ही तसं कधी शिकवलं नव्हतं. ओसरीतले सगळे भारावले. मामांनी डोळे पुसले. मी दादांकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडलं होतं, मोठ्या आवाजाचं ते तोंड, आणि मग ते मिटलं.

मी पाणी आणायला मागच्या दारी गेले, तर विहिरीपाशी वहिनी आणि दादा. दादांनी आवाज दाबला होता, पण त्यांचा दाबलेला आवाजही आम्हा सामान्य माणसांचा साधा आवाज होता. "अगं, त्यानेच मला पश्चिमेकडच्या सांच्यांची चित्रं दाखवली आहेत," ते म्हणत होते. "आमच्यापेक्षा दुप्पट सूत काढतात. त्या लोकांकडे कारखाने आहेत, माणसं आहेत, दफ्तरं आहेत. याचा कारखाना ते कशाला ठेवतील? मोडीत काढतील न."

"मग सांगा की जाऊन."

"काय सांगू? आबा बोलून बसले. आणि मी राहा म्हटलं तर तो काय समजेल, मास्तर आपल्या पोटासाठी बोलून राहिला आहे. तसंच आहे न ते थोडंफार?"

वहिनीने दादांच्या हातावर पाणी घातलं. हात आधीच धुतलेले होते, तरी ते धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्यांना मांडूच्या जुन्या किल्ल्यावर नेलं. वेर्नर मनावरचं ओझं उतरल्यासारखा मोकळा झाला होता. खुरासानी इमलीचं, म्हणजे गोरखचिंचेचं, ते भलंमोठं फळ फोडून त्याने खाल्लं, आंबटपणाने डोळे मिटले. एका महालाच्या गच्चीवरून खाली पसरलेली पडकी राजधानी बघताना त्याने वाटाड्याला त्याच्या हिंदीत विचारलं, "राजा खतम, ठीक. दफ्तरवाला आदमी किधर गया?" वाटाड्या गोंधळला. "साहब, राजा का मालूम है," तो म्हणाला, "उनका तो किसी ने लिखा नहीं." वेर्नर हसला. दादा हसले नाहीत. माझं वय तेव्हा सतरा-अठराचं. विहिरीपाशी ऐकलेलं वेर्नरला सांगावं असं वाटत होतं. पण जे दादांना बोलता आलं नाही ते मी काय बोलणार? मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवायला होते.

तो निघाला तेव्हा वहिनीने त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. गाडी सुटताना तो खिडकीतून दादांना ओरडून म्हणाला, "मास्तर, चालू रखना!" दादांनी हात वर केला. तोंडाने काही म्हटलं असलं तरी गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

पुढचं झपाट्याने झालं. गिरणीला एका सुट्या भागाची फार निकड लागली म्हणून सेठजींनी महत्प्रयासाने जर्मनीला फोन जोडला आणि दादांच्या हातात दिला. कारखान्यात कुणी उचललाच नाही, म्हणून वेर्नरच्या घरी लावला. भरदुपारी तो घरी होता, यातच सगळं आलं. कारखाना कुणी तरी पश्चिमेकडच्याने घेतला आणि बंद केला. सांच्यांची भंगारात विक्री झाली. गावाचं नावसुद्धा बदललं होतं. कुणाला सामील वगैरे करून घेतलं नव्हतं. दादा घरी आले, आबांसमोर उभे राहिले आणि जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं.

"पण सेवा? सेवा तरी सलग धरली असेल?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. म्हणाला, दफ्तर भी खतम."

आबांनी त्या दिवशी रेडिओ लावला नाही. मग ते मला विचारू लागले. मी राज्यशास्त्र घेतलं होतं, म्हणून त्यांच्या मते हे माझं काम होतं. "तुम्हांस शिकवतात काय मग? आमचं झालं आणि त्याचं का नाही झालं, एवढंच सांग." मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, हे परीक्षेला येत नाही. वर्षभरात रिंग खातं बंद पडलं, मग गिरणी. दादा घरी बसले. हळूहळू त्यांचा आवाज घरात मावेल एवढा लहान झाला. मीठ मागितलं तरी आता वहिनीला ऐकू जात नसे. आणि आमचं घर कशावर चाललं? आबांच्या पेन्शनवर. बुडालेल्या राज्याने सलग धरून दिलेल्या त्या पेन्शनवर मी शिकले, दिल्लीला गेले, जर्मन शिकले, नंतर रशियन. साम्यवादी राज्यं गेल्यावर मागे उरलेल्या माणसांचं काय होतं, हा माझा आयुष्याचा विषय झाला. लोकांना वाटतं ही मोठी वैचारिक निवड वगैरे असते. मला एका म्हाताऱ्याला उत्तर द्यायचं होतं, एवढंच होतं ते. मी आजही विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला सांगते, साम्य आपणहून डोळ्यांत भरतं, फरक शोधायला जावं लागतं. ते मुकाट वहीत लिहून घेतात. कुणाच्या घरी हे केवढ्याला पडलं, ते त्यांना कुठून कळावं?

प्रबंध झाल्यावर मी देवासला आले. आबा खूप थकले होते, पण डोकं साफ होतं. दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. तुमचं राज्य ज्यात मिळालं ते नवंच होतं, त्याच्याकडे माणसं नव्हती, दफ्तरं नव्हती. त्याला तुम्ही हवे होता. वेर्नरचा देश ज्यात मिळाला त्याच्याकडे सगळं आधीच होतं, कारखाने, कचेऱ्या, कारकून. त्यांना जमीन आणि माणसं मिळाली, पण त्या माणसांचं काम नको होतं.

आबांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे खुर्ची एक आणि तीवर आधीच कुणी बसलेला," ते म्हणाले. "अरेरे. हे कळायला इतकं शिकावं नको होतं गं. धारला नीट विचारलं असतं तर कळलं असतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं खपून मी त्यांच्यासाठी हे आणलं होतं.

मग त्यांनी डोळे उघडले. दादा नेहमीच्या जागी, दाराशी उभे होते. गिरणी नव्हती, पगार नव्हता, केस पांढरे झाले होते, आणि ते उभेच होते.

"तुला तेव्हा कळलं होतं काय रे?" आबांनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी विहिरीपाशी ऐकलं होतं हे त्यांना कधी कळलं होतं का, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

"नाही, आबा," दादा मोठ्याने म्हणाले, गिरणीतल्या त्या जुन्या आवाजात, शेजारी ऐकू जाईल असं. "कुणालाच कळलं नव्हतं."

आबांनी हलकेच मान हलवली आणि त्यांना थोड्या वेळाने झोप लागली. दादा पुढे आले, त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, आणि मग, मी पहिल्यांदाच बघत होते, त्यांच्या पायाशी खाटेवर बसले.